सरकारी हमीवर भांडुपला गाळा घेतला: योजनेला साडेतीन स्टार, बँकेला दोन

आधीच सांगून टाकते, योजना, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांच्या बँक कर्जाला सरकारी ट्रस्टने हमी देण्याची सीजीटीएमएसई, वाईट नाहीये. राहतं घर गहाण न टाकता मुंबईत गाळा विकत घेता आला, यातच सगळं आलं. पण टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर "आता १० कोटींपर्यंत विनातारण कर्ज" असं जे फिरतंय ना, त्यामुळे रोज कोणीतरी विचारतं, काकू तुम्ही घेतलंत ना ते लोन, आम्हाला पण मिळेल का, कुठे अर्ज करायचा, किती सबसिडी आहे. सबसिडी नाहीये. शून्य. त्यामुळे एकदाच सविस्तर लिहिते, नंतर फोनवर परत सगळं सांगत बसणार नाही.

आमचं काम स्टिकर-लेबलचं. औषधाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, कुरियरची लेबलं, जे येईल ते. फर्म माझ्या नावावर आहे, प्रोप्रायटरशिप, मिस्टर मशीन बघतात आणि पार्ट्या, हिशोब, वसुली मी बघते. इतकी वर्षं भाड्याच्या गाळ्यात काढली, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, प्रत्येक रिन्यूअलला मालक भाडं वाढवणार, आणि ऑक्टोबर २०२४ पासून वर हे पण आलं की मालक जीएसटीत रजिस्टर नसेल आणि भाडेकरू असेल तर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी भाडेकरूनेच भरायचा. त्याचं क्रेडिट नंतर आपल्या जीएसटीतून वजा होतं, मान्य, पण आधी खिशातून कॅश जाते ती जातेच. शिवाय एवढं जड मशीन दर दोन-चार वर्षांनी उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणजे क्रेन, लेव्हलिंग, थ्री फेजचं कनेक्शन परत नव्याने, महावितरणचं डिपॉझिट, सगळं आलं. म्हणून ठरवलं की आता स्वतःचाच घ्यायचा.

आता पात्रतेचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

मूळ कायदा २००६ चा, एमएसएमईडी ॲक्ट, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा कायदा. त्यात सूक्ष्म, लघु, मध्यम हे फक्त मशिनरीत किती पैसे घातलेत त्यावर ठरायचं, म्हणजे उत्पादनवाल्यांना २५ लाखांपर्यंत सूक्ष्म, ५ कोटींपर्यंत लघु आणि १० कोटींपर्यंत मध्यम, सर्व्हिसवाल्यांचे आकडे त्याहून कमी. १ जुलै २०२० पासून त्यात टर्नओव्हर पण आला, उत्पादन-सर्व्हिस हा फरक गेला, उद्योग आधार जाऊन उद्यम रजिस्ट्रेशन आलं आणि सूक्ष्म म्हणजे १ कोटी गुंतवणूक नि ५ कोटी उलाढाल, लघु म्हणजे १० कोटी नि ५० कोटी असं झालं. मग २०२५ च्या बजेटमध्ये परत वाढवलं आणि १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म अडीच कोटी गुंतवणूक आणि १० कोटी उलाढाल, लघु २५ कोटी आणि १०० कोटी, मध्यम १२५ कोटी आणि ५०० कोटी. त्याच तारखेपासून हमीची मर्यादाही ५ कोटींवरून १० कोटी झाली. ती त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, एप्रिल २०२३ ला, २ कोटींवरून ५ झाली होती.

हमी फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच मिळते, मध्यमला नाही. म्हणजे बघा, ६० कोटी उलाढालीचा जो कारखाना मार्च २०२५ पर्यंत मध्यम होता आणि या हमीच्या बाहेर होता तो एप्रिलमध्ये झोपेतून उठला तेव्हा लघु झाला होता आणि आत आला होता. खरी पात्रता बदलली ती त्याची. आमच्यासारखे जे आधीही सूक्ष्म होते ते आताही सूक्ष्मच, आमच्यासाठी कागदावर काहीच बदललं नाही.

आणि जे बदललं ते माझ्या मते आमच्या विरोधात बदललं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकांना प्रायॉरिटी सेक्टरमध्ये (प्राधान्याने कर्ज द्यायची ठरवून दिलेली क्षेत्रं) साडेसात टक्के कर्ज सूक्ष्म उद्योगांना द्यावं लागतं. आता सूक्ष्मची उलाढाल १० कोटींपर्यंत गेल्यावर ते साडेसात टक्के भरायला बँक ८-९ कोटीवाल्याची फाइल घेणार की ८० लाखवाल्याची? काम दोन्हीला तेवढंच, टायटल सर्च म्हणजे मालकीची तपासणी तेवढीच, व्हॅल्युएशन तेवढंच, सह्या तेवढ्याच. मी मॅनेजर असते तर मीही मोठी फाइलच घेतली असती, खोटं कशाला बोलू.

एक चांगली गोष्ट मात्र फार लोकांना माहीत नाही. गुंतवणूक मोजताना जमीन आणि इमारत मोजत नाहीत, फर्निचर पण नाही. फक्त मशिनरी, इक्विपमेंट, ते पण इन्कम टॅक्स रिटर्नमधल्या घसारा वजा केलेल्या किमतीने. म्हणजे तुम्ही कोटीचा गाळा घेतलात म्हणून सूक्ष्मवरून लघु होत नाही. एक्स्पोर्टची उलाढाल पण वजा होते. आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या भाईंना त्यांच्या अकाउंटंटने सांगितलं होतं की गाळा घेतलात तर कॅटेगरी बदलेल, बिचारे त्या भीतीने नुसतेच थांबून राहिले होते.

आता जागेसाठी कुठली योजना चालते आणि कुठली नाही, हे आधीच बघून घ्या, उगाच फॉर्म भरत बसू नका. मुद्रामध्ये आता तरुण प्लस नावाचं कर्ज आलंय, २० लाखांपर्यंत, पण ते ज्यांनी आधीचं तरुण कर्ज नीट फेडलंय त्यांनाच, आणि २० लाखांत मुंबईत गाळ्याचा दरवाजा आणि पायरी येईल फार तर. पीएमईजीपीमध्ये, म्हणजे केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेत, सबसिडी आहे, उत्पादनाला ५० लाखांचा प्रोजेक्ट चालतो, पण जमिनीची किंमत त्यात धरतच नाहीत आणि तयार शेड किंवा भाड्याची जागा असेल तर जास्तीत जास्त ३ वर्षांचा खर्च धरतात. शिवाय ती नव्या युनिटसाठी, चालू धंद्यासाठी नाही. २०२५ च्या जानेवारीत अजून एक मोठी हमी योजना आली, १०० कोटींपर्यंतच्या कर्जाला ६० टक्के हमी, ऐकून आमचे सीए सर पण खुश झाले होते, पण वाचलं तर प्रोजेक्टच्या किमतीतला किमान ७५ टक्के हिस्सा मशिनरी-इक्विपमेंटचा असला पाहिजे अशी तेव्हा अट होती. म्हणजे मशीन घ्या, जागा तुमची तुम्ही बघा. सरकारला कारखाना पाहिजे पण तो उभा कुठे राहणार याचा विचार दिल्लीत बसून करत असावेत, जिथे प्लॉट बरे मिळत असतील. इथे मशीनपेक्षा चार भिंती महाग आहेत हो.

राहता राहिली सीजीटीएमएसई. सरकार आणि सिडबी (लघुउद्योगांसाठीची सरकारी वित्तसंस्था) यांनी मिळून २००० साली काढलेला ट्रस्ट आहे हा. यात टर्म लोन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत हप्त्यांनी फेडायचं कर्ज, चालतं, त्यातून जागाही घेता येते. जो गाळा तुम्ही घेताय तो प्रायमरी सिक्युरिटी म्हणजे मुख्य तारण धरला जातो, तो बँकेकडे गहाण राहणारच. विनातारण म्हणजे त्याच्या वर अजून घर, दागिने, एफडी, सासऱ्यांची डोंबिवलीची खोली असं काही मागायचं नाही. हे नीट समजून घ्या, नाहीतर लोकांना वाटतं गाळा पण मोकळा राहील. तसं नसतं.

मग हमीचा उपयोग काय? तर जुना गाळा म्हटलं की बँक किमतीच्या ६०-६५ टक्क्यांच्या वर जायला घाबरते, किंवा जाते पण म्हणते अजून एक प्रॉपर्टी द्या. तिथे हायब्रिड सिक्युरिटी म्हणून प्रकार आहे, म्हणजे जेवढं कर्ज तारणात बसतं तेवढं तारणावर आणि उरलेल्यावर ट्रस्टची हमी. आमचं तसंच झालं. महिलांच्या नावावरच्या उद्योगाला हमी ९० टक्क्यांपर्यंत मिळते, इतरांना साधारण ७५ ते ८५. त्याबदल्यात दरवर्षी गॅरंटी फी, पहिल्या वर्षी हमी दिलेल्या रकमेवर आणि पुढे शिल्लक रकमेवर. २०२३ मध्ये ती बरीच कमी केली, लहान कर्जांना ०.३७ टक्क्यापासून सुरू होते. फी बँक आपल्याच खात्यातून वळती करते. व्याजाचा दर विचारताना फी धरून किती पडतो ते विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे त्या व्हॉट्सॲपवाल्या मेसेजमध्ये कधीच नसतं. हमी तुम्हाला नाही, बँकेला आहे. हप्ते थकले तर ट्रस्ट बँकेला पैसे देईल, तुमचं कर्ज माफ होणार नाही, वसुली चालूच राहणार, सिबिलची वाट लागणार ती लागणारच. फी आपण भरायची आणि छत्री बँकेच्या डोक्यावर, असं आहे ते. तरीही मी म्हणेन घेण्यासारखं आहे, कारण घर त्यातून बाहेर राहतं, आणि रात्री झोप लागते.

अजून एक, ट्रस्टकडे आपण थेट अर्ज करू शकत नाही. अर्ज बँकेकडेच, हमी बँक घेते. त्यामुळे "ताई मी आतून करून देतो, दोन टक्के द्या" म्हणणारा जो कोणी भेटेल त्याला चहा पाजा आणि जाऊ द्या. आम्हाला भेटला होता, छान शर्ट, दोन मोबाइल, सबसिडी पण काढून देतो म्हणाला. नसलेली सबसिडी कुठून काढणार होता देव जाणे.

आता खरी गंमत, म्हणजे जागेचे कागद. माझं स्पष्ट मत असं झालंय की मुंबईत पात्रता तुमच्या उलाढालीवर ठरत नाही, गाळ्याच्या फाइलवर ठरते. उद्यम सर्टिफिकेट, तीन वर्षांचे रिटर्न, जीएसटी, बँक स्टेटमेंट, सीएमए डेटा (बँकेला द्यायचा मागच्या-पुढच्या हिशोबाचा तक्ता), हे सगळं आमच्याकडे चोख होतं, त्यात काही अडलं नाही. अडलं ते ओसीला, म्हणजे इमारत वापरायला योग्य आहे या पालिकेच्या दाखल्याला. भांडुप, साकीनाका, अंधेरी, गोरेगाव, कुठेही जा, ७०-८० च्या दशकातल्या अर्ध्याअधिक इस्टेटींना ऑक्युपेशन सर्टिफिकेट नाही, किंवा आहे पण एका विंगचं आहे, किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कपाटात आहे आणि सेक्रेटरी गावाला गेलेत. आम्ही आधी जो गाळा पसंत केला होता, मस्त होता, रस्त्याला लागून, गुड्स लिफ्ट मोठी, तो नुसता ओसी नाही म्हणून सोडावा लागला. बँकेचे पॅनेल वकील एका ओळीत लिहून मोकळे झाले.

दुसऱ्या गाळ्याला ओसी होतं तर चेन तुटलेली. म्हणजे बिल्डरपासून आत्ताच्या मालकापर्यंत जेवढ्या वेळा तो विकला गेला तेवढी सगळी ओरिजिनल ॲग्रीमेंट पाहिजेत, रजिस्ट्रेशनच्या पावतीसकट, त्यातलं एक मधलंच गायब. मग पोलिसात हरवल्याची तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, सब रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी, मालकाचं ॲफिडेव्हिट आणि इंडेम्निटी, म्हणजे पुढे नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी. आणि हो, १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून कमीत कमी ५०० चा. छोटी गोष्ट आहे पण प्रत्येक कागदाला ५०० असं करत करत बरेच जातात.

मग व्हॅल्युअर आला. तरुण मुलगा होता, लेझरवालं यंत्र घेऊन. भिंतीला लावलं, टिक, आकडा. दुसऱ्या भिंतीला लावलं, टिक. मालक त्याच्यामागून फिरतायत, सर वर पोटमाळा पण बघा, वर पण पूर्ण हाइट आहे, आम्ही तिथे पॅकिंग करायचो. तो जिन्याखाली उभा राहिला, वर बघितलं, हातातला मंजूर नकाशा उघडला, त्यात पोटमाळा नाही. यंत्र खिशात टाकलं. "सर, हे मी धरू शकत नाही." मालकांनी दर सांगताना पोटमाळा अर्धा धरला होता. म्हणजे बाजारात ज्या जागेचे पैसे मोजायचे ती बँकेच्या कागदावर नाहीच. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता पण मग आम्हालाही भाव करायला जागा मिळाली, ते एक बरं झालं.

रोखीचा प्रश्न पण इथेच येतो. विकणाऱ्याला थोडे कागदावर आणि थोडे हातात पाहिजे असतात, हे काही नवीन नाही, पण बँक ॲग्रीमेंटच्या किमतीवर किंवा व्हॅल्युएशनवर, जे कमी असेल त्यावर कर्ज देते, त्यामुळे जेवढं खाली दाखवाल तेवढं कर्ज कमी. आम्ही सरळ सांगितलं, पूर्ण चेकने, नाहीतर नको. एक मालक उठून गेला. जाऊ दे.

आता पैशाचं गणित, कारण हे कोणीच धड सांगत नाही. समजा गाळ्याचं ॲग्रीमेंट १ कोटीचं आहे आणि बँक ७५ टक्के देतेय. मग तुमचे २५ लाख मार्जिन. वर मुंबईत स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून ६ टक्के, म्हणजे ६ लाख. बाईच्या नावावर घेतलं की एक टक्का सूट असते ती फक्त राहत्या घराला, गाळ्याला नाही, मी विचारून झालंय. रजिस्ट्रेशन ३० हजार. मग बँकेकडे टायटल डीड ठेवताना त्याची वेगळी स्टॅम्प ड्युटी, कर्जाच्या ०.३ टक्के, म्हणजे ७५ लाखांवर साडेबावीस हजार, आणि त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाण ठेवल्याची सरकारदरबारी सूचना) ३० दिवसांच्या आत फाइल करायची. वकील, व्हॅल्युअर, प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी, सोसायटीची ट्रान्सफर फी, विमा. थोडक्यात १ कोटीच्या गाळ्याला हातात ३२-३३ लाख तरी पाहिजेत आणि त्यातलं स्टॅम्प ड्युटीचं ओझं कुठलीच हमी उचलत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याच्यावर असेल तर १ टक्का टीडीएस तुम्हालाच कापून भरायचाय, विकणाऱ्याच्या पॅनवर, तो विसरलात तर नंतर व्याज आणि लेट फी सकट नोटीस येते. ओसी असलेला तयार गाळा असेल तर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असलेल्यावर लागतो.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, न्यू जर्सीला, त्याचं छोटं वर्कशॉप आहे. त्याच्याशी बोलताना कळलं की तिकडे फक्त जागा आणि मोठ्या मशिनरीसाठीच वेगळं सरकारी पाठबळाचं कर्ज आहे, ५०४ लोन म्हणतात. त्यात साधारण ५० टक्के बँक देते, ४० टक्के एक सर्टिफाइड डेव्हलपमेंट कंपनी सरकारी हमीवर देते आणि मालकाने फक्त १० टक्के घालायचे, नवा धंदा असेल तर जास्त. अट अशी की जुनी इमारत असेल तर निदान ५१ टक्के जागा स्वतः वापरली पाहिजे, नवी बांधली तर ६० टक्के, म्हणजे भाड्याने देऊन खाण्यासाठी हे कर्ज नाही. तिथेही पात्रता कायद्यानेच पुढे-मागे होत असते, जुनं कर्ज या योजनेत बदलून घ्यायची सोय २०१० च्या कायद्याने दिली, २०१२ मध्ये ती संपली, मग २०१५ च्या डिसेंबरमध्ये परत कायदा करून कायमची केली. मला हे ऐकून हेवा वाटला तो १० टक्क्यांचा नाही, तर जागा हा धंद्याचा वेगळा खर्च आहे हे कोणीतरी लिहून ठेवलंय याचा. आपल्याकडे जागेसाठी असं वेगळं काहीच नाही, मशिनरी आणि वर्किंग कॅपिटलच्या योजनेत आपला गाळा कोंबून बसवायचा.

बँकेबद्दल. नाव लिहित नाही, सरकारी बँक आहे, एवढंच. सुरुवात छान झाली, सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून तत्त्वतः मंजुरी पटकन आली, आम्हाला वाटलं झालंच. तत्त्वतः या शब्दावर जाऊ नका, त्यात गाळ्याचा एकही कागद कोणी बघितलेला नसतो. पुढे शाखेतून फाइल प्रोसेसिंग सेंटरला गेली, तिथून क्वेरी, शाखेला कळायला वेळ, शाखेतून आम्हाला कळायला अजून वेळ, आणि आम्ही दिलेला कागद परत मागायचा ही तर पद्धतच. शाखेतल्या मॅडम स्वतः चांगल्या होत्या, खरं तर हायब्रिडचा पर्याय त्यांनीच सुचवला, आधीच्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं की घराचे कागद आणा नाहीतर विसरा. त्याच साहेबांनी मला प्रोप्रायटर म्हणून समोर बसवून "मिस्टर कुठे आहेत, त्यांना बोलवा, धंद्याचं विचारायचंय" म्हटलं होतं. मी म्हटलं साहेब, पेपर रोलचा आजचा भाव विचारा, मिस्टरांना नाही येणार. त्यांची बदली झाली. आमच्यामुळे नाही, तशीच झाली.

हमी घ्यायला बँकेची माणसं का कू करतात हे मला आधी कळत नव्हतं, सरकार हमी देतंय तर तुमचं काय जातं? तर मॅडमनी हळूच सांगितलं की कर्ज बुडालं तर क्लेम करताना फाइलमधली एक जरी तारीख चुकली असली तर क्लेम अडकतो आणि मग सही कोणाची होती ते शोधतात. तारण असलं की विकून मोकळे. त्यामुळे वरून पत्रक येतं की हमीवर कर्ज द्या आणि खाली टेबलावर माणूस घराचे कागद मागतो. नियम बदलणारे एकीकडे आणि सही करणारे दुसरीकडे, हा घोळ मर्यादा १० कोटी करा नाहीतर १०० कोटी करा, मिटणार नाही.

सँक्शनच्या वेळी "सोबत" लाइफ पॉलिसीचा फॉर्म पण पुढे सरकवला. गाळ्याचा आगीचा विमा बँकेच्या नावाच्या क्लॉजसकट लागतोच, तो घ्या, आमचं तर कागद आणि शाईचं काम, लागला पाहिजेच. पण लाइफ पॉलिसी कर्जाची अट नाही. मी विचारलं सँक्शन लेटरमध्ये कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा, तर फॉर्म परत ड्रॉवरमध्ये गेला, कोणी काही बोललं नाही.

दराचं म्हणाल तर ठीक आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची फ्लोटिंग कर्जं २०१९ च्या ऑक्टोबरपासून बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेली आहेत, बहुतेक ठिकाणी रेपोला म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर रिसेट झालाच पाहिजे. रेपो २०२५ मध्ये साडेसहावरून डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. त्याचा फायदा मिळतो, पण बँकेने वर जो स्प्रेड लावलाय तो बघा, भांडायचं ते त्यावर. आणि केएफएस मागा, की फॅक्ट स्टेटमेंट, ऑक्टोबर २०२४ पासून एमएसएमईच्या टर्म लोनला द्यावंच लागतं, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती ते एका आकड्यात असतं. आमच्या सँक्शन लेटरवरचा दर आणि केएफएसवरचा दर यात जो फरक निघाला तो बघून मिस्टरांनी चष्मा पुसून परत वाचलं.

शेवटचं, मुदतीआधी कर्ज फेडण्याबद्दल. आमच्या सँक्शन लेटरमध्ये छापलेलं होतं की मुदतीआधी फेडलं तर २ टक्के चार्ज. पण रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये नवीन नियम काढलेत, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा रिन्यू होणाऱ्या फ्लोटिंग दराच्या धंद्याच्या कर्जाला व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योग यांच्याकडून मोठ्या बँकांनी असा चार्ज घ्यायचाच नाही, स्मॉल फायनान्स बँका आणि काही सहकारी बँका वगैरेंना ५० लाखांपर्यंतच्या कर्जासाठीच ते लागू आहे. आमची मंजुरी जानेवारीनंतरची. मॅडम म्हणाल्या अहो ते सिस्टिममधूनच प्रिंट होतं, कोणी लावत नाही, तुम्ही सही करा. मी म्हटलं लावत नसाल तर काढून टाका. मेल केला, सर्क्युलर जोडलं, सही थांबवून ठेवली, घरात सगळे म्हणत होते एवढ्यासाठी कशाला ताणतेस, आता मंजूर झालंय तर घेऊन टाक. सुधारित पत्र आलं, त्यात ते २ टक्के नव्हते. प्रोसेसिंग फी मात्र जशीच्या तशी होती, तिच्यासाठी अजून कोणी सर्क्युलर काढलेलं मला तरी सापडलं नाही.